फोर्ड मॉडेल ए ला १४ मिमीचे आजचे प्लग: सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

गाडी १९३० ची. चार सिलिंडर, साइड-व्हॉल्व (व्हॉल्व सिलिंडरच्या बाजूला), ३.३ लिटर, कॉम्प्रेशन ४.२२ ला १, सिलिंडर पेटायचा क्रम १-२-४-३. हेड (सिलिंडरवरचं झाकण) बिडाचं. स्पार्क प्लगचे मूळ आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १८. या मापाचे प्लग आपल्याकडच्या दुकानात मिळत नाहीत. बाहेरून मागवायचे तर वेळ जातो, आणि रस्त्यात एक फुटला तर गाडी तिथेच उभी राहते. म्हणून मध्ये ॲडॉप्टर (बाहेरून मूळ मापाचे आटे, आतून नव्या प्लगचे) घालून १४ × १.२५ चे (व्यास १४ मिमी, दर १.२५ मिमीला एक आटा) साधे प्लग बसवायचे ठरलं. अट एकच: हेड कापायचं नाही, आटे मोठे करायचे नाहीत. उद्या कुणाला मूळ प्लग लावावेसे वाटले तर ते हाताने फिरले पाहिजेत.

२ नोव्हेंबर २०२५

जुने प्लग उतरवले. गाडी बरीच वर्षं पॉवरलूमच्या वस्तीत उभी होती. प्लगच्या बुडाशी तेलात भिजलेलं सुताचं तूस नमद्यासारखं घट्ट बसलं होतं. प्लग सोडण्याआधी ते काढायलाच हवं, नाहीतर सगळं आत पडतं आणि व्हॉल्वच्या सीटवर जाऊन अडकतं. बारीक सळईने उकरणं, हवा मारणं, पुन्हा उकरणं, एवढ्यातच सकाळ गेली.

तीन प्लग इंजिन कोमट असताना सुटले. चार नंबरचा हलेना. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे असं करत काढायचं. पान्याला पाइप अडकवून जोर देऊ नये. बीड ठिसूळ असतं, प्लगबरोबर आटेही हातात येतात.

काढलेले प्लग ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) तपासले. दोघांचं इन्सुलेशन गेलेलं आहे. वरून चिनी माती धड दिसते, पण आत तडा आहे. गरम झाल्यावर मिसिंग (एखादा सिलिंडर मधूनच न पेटणं) येत होतं त्याचं निदान कार्बोरेटरवर ढकललं जात होतं. मूळ इथे निघालं.

३ नोव्हेंबर

चौथा निघाला, आटे शाबूत.

भोकांचे आटे साफ करायला ७/८ – १८ चा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) हवा. तो बाजारात नाही. बाजारात मिळतो तो ७/८ ला ९, ११ किंवा १४ आट्यांचा, आणि तो फिरवला तर हेड संपलं. उपाय जुना आहे: खराब झालेल्या प्लगच्या आट्यांवर हॅक्सॉने उभ्या चार खाचा पाडायच्या, कडांचा बर (कापल्यावर राहणारा कंगोरा) कानशीने काढायचा, खाचांत ग्रीस भरायचं आणि तो हाताने फिरवायचा. गंज आणि काजळी ग्रीसमध्ये धरली जाते. दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसायचा. चारही भोकं झाल्यावर हँडल मारून इंजिन फिरवलं, म्हणजे आत पडलेलं बारीकसारीक वाऱ्याबरोबर बाहेर येतं.

९ नोव्हेंबर

तयार मिळालेले पितळी ॲडॉप्टर बाद. ‘बावीस एमएमचे आहेत, बसतात’ असं सांगून दिले गेले होते. ते निघाले एम २२ × १.५ चे.

फसगत कशी होते ते सविस्तर लिहितो, कारण ती सहज होण्यासारखी आहे. ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमी. एम २२ त्याहून जरा बारीक, म्हणून हाताने आरामात आत जातो. पण इंचाला १८ आटे म्हणजे एका आट्याला १.४११ मिमी आणि इकडे १.५. दर आट्याला ०.०८९ मिमीचा फरक साठत जातो. तिसऱ्या-चौथ्या आट्याला फरक एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास जातो आणि ॲडॉप्टर जड होतो. इथे माणसाला वाटतं, आत गंज आहे, आणि तो पाना लावतो. पितळ मऊ असल्यामुळे स्वतः चिरडत पुढे सरकतं आणि बसल्यासारखं वाटतं. धरलेले असतात फक्त दोन आटे. गरम झाल्यावर ते सुटतं किंवा उडतं.

नियम: ॲडॉप्टर शेवटच्या आट्यापर्यंत फक्त बोटांनी गेला पाहिजे. पाना फक्त वॉशर दाबायला.

वाया गेले १,४०० रुपये आणि एक आठवडा.

१५ नोव्हेंबर

ॲडॉप्टर लेथवर करून घ्यायचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे सुटे भाग करणारी लेथ आहेत, त्यातल्या एका जुन्या इंची लेथवर काम ठरलं. लीडस्क्रू (हत्याराला पुढे सरकवणारा लेथचा लांब स्क्रू) इंचाला ४ चा. १८ आटे काढायचे तर गिअरचं गुणोत्तर ४/१८, म्हणजे चालवणारा २० दात्यांचा आणि चालणारा ९० चा. दोन्ही गिअर लेथच्या पेटीतच होते. १८ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून मनाला येईल तिथे हाफनट (लीडस्क्रूला पकडणारा नट) टाकता येत नाही. टर्नरने हाफनट सोडलाच नाही, मशीन उलटी फिरवून प्रत्येक पास घेतला. सावकाश होतं, पण आटा फुटत नाही.

धातू: ईएन ८ पोलाद, २७ मिमीचा षटकोनी बार. पितळ का नाही? पितळ तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट फुगतं. गरम असताना ते हेडमध्ये आवळतं, आटे दबतात, आणि थंड झालं की ढिलं पडतं. रोज थोडी धावणाऱ्या गाडीत हे चक्र रोज होतं. पोलाद बिडाच्या बरंच जवळ चालतं. पितळ उष्णता जास्त वाहून नेतं हे खरं, पण तीन मिलिमीटरच्या भिंतीत त्याचा फायदा फार नाही. माझं मत पोलादाच्याच बाजूने आहे.

मापं:

आधी डेप्थ गेजने हेड मोजलं. प्लगच्या बैठकीपासून कम्बशन चेंबरपर्यंत १२.५ मिमी. प्रत्येकाने आपलं हेड मोजावं. जुनी हेड घासलेली, बदललेली असतात.

ॲडॉप्टरचा षटकोन ६ मिमी उंच. खाली आट्यांची लांबी १३.५. खाली १.५ चा तांब्याचा वॉशर. म्हणजे ॲडॉप्टरचं तोंड चेंबरपासून अर्धा मिलिमीटर आत राहतं. बाहेर डोकावता कामा नये. डोकावणारे आटे तापून लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात.

आतून १२.८ चं ड्रिल, मग एम १४ × १.२५ चा टॅप. ड्रिल, टॅप आणि बाहेरचे आटे एकाच पकडीत, नाहीतर प्लग तिरका बसतो.

आधी एकच नमुना कापून गाडीवर फिरवून पाहिला. बोटांनी शेवटपर्यंत गेला. मग बाकीचे तीन. मजुरी, बार आणि टॅप धरून २,२०० रुपये.

१६ नोव्हेंबर

बसवणी. तांब्याचे वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकले, म्हणजे मऊ होतात. बाहेरच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा पुसट हात. ॲडॉप्टर ४५ न्यूटन-मीटरवर, प्लग २५ वर. हा फरक मुद्दाम ठेवला आहे. दोन्ही सारखेच आवळले तर पुढच्या वेळी प्लग सोडताना ॲडॉप्टरही त्याच्यासोबत फिरून बाहेर येतो.

६ मिमीच्या षटकोनावर बाजारातला २७ चा पाना नीट बसत नाही, घसरतो. तो ग्राइंडरवर ५ मिमीपर्यंत पातळ केला. प्लग काढताना या पान्याने ॲडॉप्टर धरून ठेवायचा आणि वरून २१ ची प्लगगोटी लावायची. हा पाना गाडीतच राहील.

प्लग घेतले एनजीके बीपी६एचएस, कारण ते समोरच मिळाले. गॅप मूळ ०.०३५ इंच, म्हणजे ०.९ मिमी. पॉइंटची (डिस्ट्रिब्यूटरमध्ये कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या टोकांची) फट ०.०२० इंच, तशीच ठेवली.

गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली. स्लोवर मात्र सारखं मिसिंग. रेस केली की जातं, सोडली की येतं. पंधरा मिनिटांनी प्लग काढले तर चारही काळे, दोन ओले.

२२ नोव्हेंबर

मिसिंगचं कारण कागदावर बेरीज केल्यावर सापडलं.

ॲडॉप्टरच्या वरच्या तोंडापासून चेंबरपर्यंत ६ + १.५ + १२.५ = २० मिमी. बीपी६एचएसच्या आट्याची लांबी १२.७. त्यातून प्लगच्या दाबलेल्या वॉशरचे १.३ वजा. प्लग आत गेला ११.४. म्हणजे प्लगचं तोंड चेंबरपासून ८.६ मिमी वर, एका बोगद्यात. त्या बोगद्यात मागच्या स्ट्रोकचा जळका वायू अडकून राहतो. स्लोवर इंजिन कमी मिश्रण ओढतं, ताजं मिश्रण इलेक्ट्रोडपर्यंत पोचतच नाही. ठिणगी पडते, पण जाळायला काही नसतं.

ॲडॉप्टर लावलेल्या बहुतेक गाड्यांत हेच होतं. लोक म्हणतात, नवे प्लग या इंजिनाला मानवत नाहीत. प्लगचा दोष नसतो, ठिणगी चुकीच्या जागी पडत असते.

उपाय १९ मिमी लांबीचा प्लग, बीपी६ईएस. १९ – १.३ = १७.७, म्हणजे चेंबरपासून फक्त २.३ आत. शिवाय कोडमधल्या ‘पी’चा अर्थ इन्सुलेटरचं टोक शेलच्या बाहेर आलेलं, त्यामुळे ठिणगी जवळजवळ चेंबरमध्येच पडते.

प्लगच्या खाली ॲडॉप्टरचे आतले दीडेक आटे उघडे राहत होते. त्यात काजळी भरते आणि पुढे प्लग सोडताना तीच आटे खाते. लेथवर तळाचे दीड मिमी आटे काढून १४.२ केले.

लांब प्लग घालण्याआधी जागा तपासलीच पाहिजे. मुलांच्या खेळण्यातली क्ले प्लगच्या टोकाला लावली, प्लग बसवला, हँडलने इंजिन हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवलं. साइड-व्हॉल्वमध्ये पिस्टनच नाही तर व्हॉल्वही डोक्याकडे वर येतात. चारही जागी क्लेवर ओरखडा नाही. ही तपासणी टाळू नये. हेड घासलेलं असेल तर तुमची जागा माझ्यापेक्षा कमी असेल.

२३ नोव्हेंबर

स्लो सुधारला, पण ठिणगी अजून अशक्त वाटत होती. गाडी मुळात ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला). मधल्या काळात कुणीतरी १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थ केली, पण कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) तारा होत्या तशाच सोडल्या. त्यामुळे मधला इलेक्ट्रोड पॉझिटिव्ह झाला होता. ठिणगी तापलेल्या मधल्या टोकाकडून बाहेर सहज जाते. उलटी न्यायची तर कॉइलला जास्त जोर लावावा लागतो, आणि जुन्या कॉइलकडे तो नसतो.

तपासणी: रबरी हातमोजे घालून कॉइलची जाड तार प्लगच्या माथ्यापासून थोडी दूर धरायची आणि मधल्या फटीत शिसपेन्सिलचं टोक. ठिणगीचा केशरी झुपका प्लगच्या बाजूला दिसला तर बरोबर, तारेच्या बाजूला दिसला तर उलटं. इथे तारेच्या बाजूला होता. कॉइलच्या दोन बारीक तारा अदलाबदल केल्या, निगेटिव्ह पॉइंटकडे. खर्च शून्य, फरक हँडल मारतानाच कळला.

रेझिस्टरवाले प्लग, म्हणजे कोडमध्ये ‘आर’ असलेले, घेतले नाहीत. त्यांच्या पोटात ५ किलो-ओहमच्या आसपास रोध असतो. या गाडीत रेडिओ नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही, गरजच नाही. ज्यांनी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय त्यांनी मात्र ‘आर’च घ्यावा. मल्टिमीटरने माथा ते मधला इलेक्ट्रोड मोजलं की कोणता आहे ते लगेच कळतं.

२९ नोव्हेंबर

मॉडेल ए ला प्लगच्या वायरी नसतात, डिस्ट्रिब्यूटरपासून प्लगच्या माथ्यापर्यंत पितळी पट्ट्या असतात. ॲडॉप्टरमुळे माथा वर आला आणि पट्ट्या ताणल्या गेल्या. तशाच आवळल्यावर दोन नंबरची पट्टी भोकाजवळ चिरली.

नवीन पट्ट्या १ मिमी जाड, १० मिमी रुंद पितळेच्या. मध्ये मोकळा बाक दिला, म्हणजे इंजिनाची थरथर पट्टीतच जिरते, प्लगच्या दांडीवर येत नाही. हेडच्या नटांपासून किमान १२ मिमी अंतर, नाहीतर पावसाळी हवेत ठिणगी नटावर उडी मारते. प्लग घेताना माथ्याची टोपी फिरवून निघते ना ते पाहावं. काहींची टोपी एकसंध असते, त्यांना पट्टी लावता येत नाही. टोपीखाली एम ४ चे आटे आहेत, पट्टीच्या वर-खाली वॉशर आणि वरून पितळी नट.

६ डिसेंबर

शहरात चालवून पाहिली. सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ, म्हणजे थांबत-थांबत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. बीपी६ईएस पुन्हा काळे पडायला लागले. ओले नाहीत, कोरडी मखमली काजळी. जागा बरोबर आहे, आता प्रश्न हीट रेंजचा, म्हणजे प्लग किती गरम चालतो याचा.

इन्सुलेटरचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की स्वतःची काजळी स्वतः जाळतं. ४.२२ कॉम्प्रेशनच्या थंड स्वभावाच्या इंजिनात सहा नंबर तिथवर पोचत नाही. एनजीकेमध्ये आकडा लहान तो प्लग गरम. चॅम्पियन आणि बॉशमध्ये उलट, आकडा मोठा तो गरम. दुकानात ‘दोन नंबर गरम द्या’ म्हणून चालत नाही, कंपनी सांगून मागावा.

चार नंबर, बीपी४ईएस, घातले.

७ डिसेंबर

शहरात चार नंबर स्वच्छ. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर मात्र चित्र बदललं. सपाटीला ठीक, घाट चढताना इंजिनातून खडखड. वर पोचल्यावर मोकळ्या जागी स्विच बंद केला तरी इंजिन दोन-तीन आचके देत फिरत राहिलं. प्लग काढले तर इन्सुलेटर चुन्यासारखा पांढरा, कडेला बारीक फोड.

जुन्या तक्त्यांत या इंजिनाला गरम प्लग सांगितलेला असतो. तो सल्ला प्लग सरळ हेडमध्ये बसतो असं धरून आहे. आपण मध्ये ॲडॉप्टर घातला. प्लगची उष्णता आता आधी ॲडॉप्टरमध्ये, मग आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते. एक सांधा वाढला, प्लग आपोआपच जरा गरम चालतो. एका नंबरचा फरक टोकाला ७० ते १०० अंशांचा असतो. म्हणून तक्ता सांगतो त्यापेक्षा एक नंबर थंड.

पाच नंबर सोलापुरात लगेच मिळाला नाही, पुण्याहून मागवला. चार प्लगचे ६८० रुपये. या प्लगच्या नकली मालापासून सांभाळावं. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवरून सहज गळून पडत नाही, आणि मधला इलेक्ट्रोड बाजूच्या पट्टीच्या बरोबर मध्ये असतो.

१४ डिसेंबर

बीपी५ईएस. तोच रस्ता, तोच घाट. खडखड नाही, स्विच बंद केल्यावर इंजिन लगेच गप्प.

प्लग वाचताना: शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातला तपकिरी रंग आता शोधू नये. आपल्याकडे शिसं २००० साली गेलं. आजच्या पेट्रोलवर चांगला प्लग फिकट, जवळजवळ मळकट पांढरा दिसतो. मिश्रण बघायचं इन्सुलेटरच्या मुळाशी, आत खोल जिथे तो शेलला मिळतो तिथल्या काळ्या कड्यावर. उष्णता बघायची बाजूच्या पट्टीवर: तिच्यावर रंग बदलल्याची रेघ असते, ती पट्टीच्या वळणाजवळ हवी. चार नंबरवर ती शेलपर्यंत खाली गेली होती, सहावर टोकाशीच होती, पाचवर वळणावर आहे.

मुळाशी कडं अगदीच पुसट होतं, म्हणजे मिश्रण पातळ. कारण पंपावरचं ई २० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल. नुसत्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई २० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं. झेनिथ कार्बोरेटरचा डॅशबोर्डखालचा मिश्रणाचा खटका पाव फेऱ्याऐवजी थोडा जास्त उघडला. कडं दिसायला लागलं आणि चढाला ओढही वाढली.

२० डिसेंबर

गळती तपासली. इंजिन गरम, स्लोवर, प्रत्येक ॲडॉप्टरच्या बुडाशी ऑइलचे दोन-तीन थेंब. दोन नंबरला बुडबुडे. प्लग आणि ॲडॉप्टरच्या मध्ये नाही, ॲडॉप्टर आणि हेडच्या मध्ये. तिथली बैठक गंजाने खड्डेदार आहे. हेडवर कटर चालवायचा नाही ही अट असल्याने १.५ ऐवजी २ मिमीचा वॉशर मऊ करून घातला. प्लग अर्धा मिलिमीटर वर आला, २.३ चं २.८ झालं. तेवढ्याने स्लोवर फरक पडला नाही. बुडबुडे थांबले.

बाकीचे तीन इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा ४५ वर तपासले. दोन किंचित सरकले. नवीन वॉशर पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत बसतो, त्यामुळे हे होणारच. गरम असताना आवळू नये.

१४ मिमीच्या भोकांचा एक आयता फायदा: कुठल्याही गॅरेजमधला साधा कॉम्प्रेशन गेज आता थेट लागतो. चारही सिलिंडर ५५ ते ५८ पीएसआय, या इंजिनाला चांगले.

४ जानेवारी २०२६

तुळजापूर आणि अक्कलकोट दोन्ही बाजूंना गाडी फिरली. प्लग काढून पाहिले: गॅप ०.९ वरच, चारही रंगाने सारखे, दोन नंबरही. ॲडॉप्टर एकही हलला नाही. प्लग सुटले, ॲडॉप्टर जागेवर राहिले.

डिकीत ठेवायचं सामान: दोन बीपी५ईएस, एक तयार ॲडॉप्टर, तांब्याचे चार वॉशर (दोन १.५ चे आणि दोन नंबरच्या भोकासाठी दोन २ चे), पातळ केलेला २७ चा पाना, २१ ची प्लगगोटी, फिलर गेज, एम ४ चे सुटे नट. मूळ ७/८ चे धड असलेले दोन प्लग तेल लावून कागदात गुंडाळून त्याच डब्यात.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर घाटात पुन्हा एकदा पट्टीवरची रेघ बघायची आहे. ती वळणाच्या खाली सरकली तर तेवढ्या दोन महिन्यांपुरते सहा नंबर घालायचे, कारण उन्हाळ्यात शहरातही इंजिन त्यांना पुरेसं गरम ठेवील.